लोर्नाच्या तोंडून

एनिडने खिडकीकडे पाठ करून बसायचे नाकारले. उजेड मागून आला तर समोरच्याला हात नीट दिसत नाहीत, हे ऐकू येणाऱ्या माणसांना दरवेळी नव्याने सांगावे लागे. शेजारी विल्फ बसला, कर्णबधिरांच्या क्लबातला तिचा जुना सोबती. समोर समुपदेशनाचा खर्च मंजूर करणाऱ्या समितीचे अध्यक्ष क्रॉदरसाहेब आणि त्यांच्या बाजूला दुभाषी लोर्ना. लँकेशायरच्या या भागात बँक असो, डॉक्टर असो की दफन, हातांची भाषा तोंडाने बोलून दाखवायला लोर्नाच येई.

क्रॉदरसाहेबांचे बोलणे तिच्या हातांवर उमटू लागले. "मिसेस हारग्रीव्ह्ज, यजमान गेल्यावर तुम्ही दुभाषी घेऊन आमच्या समुपदेशकाकडे आलात. सहा भेटींत बऱ्या झालात. पुढे रूथबाईंकडे गेलात. त्या स्वतः बहिऱ्या, हातांनीच बोलतात. तिथे एकोणीस भेटी! एकाच दुखण्याला तिप्पट खर्च. ती सोय आम्ही का चालू ठेवावी?"

रूथची खोली बंद झाली तर येता हिवाळा कसा काढायचा, हे एनिडला कळत नव्हते. साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यापाशी होते. ते उच्चारावे लागणार होते लोर्नाला.

टेबलाखाली विल्फचे हात हलले. "बोल की! गप्प बसायला आलीस होय?"

"तिचंच उणं तिच्याच तोंडून काढू?"

"मग रूथला निरोपाचा केक नेऊ. लिंबाचा आणू का?"

एनिडने हात वर घेतले. "माझा आर्नल्ड गेला त्या दिवशी दुभाषी सकाळी इस्पितळात यायची होती. आली संध्याकाळी. तोवर डॉक्टर चिठ्ठ्या लिहीत राहिले. त्यांवरून मला वाटलं, तो अजून दोन-चार दिवस तरी आहे. मांजराला खायला घालायला म्हणून मी घरी गेले."

लोर्ना दुभाषाच्या रीतीप्रमाणे 'मी' म्हणूनच बोलत होती. तिचा गळा हलताना एनिडला दिसत होता.

"समुपदेशकाने विचारलं, मनात काय सलतं? तेच सलत होतं. पण तीच दुभाषी समोर बसलेली. बिचारीला आणखी काय लाजवायचं? सहाही वेळा म्हटलं, आता बरं आहे. त्या भेटी स्वस्त नव्हत्या, साहेब, फुकट गेल्या. ते पहिल्यांदा हातांवर आलं रूथसमोर."

"कोण दुभाषी?" क्रॉदरसाहेबांनी विचारले. लोर्नाने प्रश्न जसाच्या तसा हातांवर घेतला. त्यांच्या भाषेत बोट दाखवणे उद्धटपणाचे नसते, तरी एनिडचे बोट उचलेना. शेवटी लोर्नाचे ओठ हलले, आणि खोलीतले प्रत्येक वाक्य दाखवायचे या नियमाने हातही. "ती मी. लोर्ना."

साहेबांनी विचारले, "मग दुसरी दुभाषी चालली असती?"

विल्फने परस्पर उत्तर दिले, "दुसरी एकच आहे, साहेब. हिची लेक."

लोर्नाने तेही न हसता बोलून दाखवले.

रूथची सोय आणखी वर्षभर ठेवायची, मग पुन्हा हिशोब, असे ठरले.

क्लबातली माणसे निरोप घ्यायला तासभर लावतात, आणि लोर्ना आता त्यांच्यातलीच झाली होती. आज मात्र ती कोट चढवून सरळ दाराकडे गेली. तिथून वळून तिने हातांनी विचारले, "इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर येत्या सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्याबरोबर कोण येणार होतं?"

लोर्नाने हात कोटाच्या खिशांत घातले. सोमवार परवावर आला होता.