पडदा की दारं

घरात तिला सगळे शंकासुर म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. दूधवाला नेहमीपेक्षा जास्त हसला, तरी ती पातेल्यात डोकावून पाणी शोधायची. त्यामुळे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, यंदा शाळेचे पैसे कशावर खर्च करायचे ते विद्यार्थीच ठरवतील असं जाहीर केलं, तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडली. मोठ्या बाई आणि आपल्याला विचारणार? कुठेतरी पाणी मुरतंय.

निवड दोन गोष्टींतली होती: रंगमंचाला नवा पडदा, नाहीतर मुलींच्या स्वच्छतागृहाला नवी दारं. जुनी दारं फुगली होती, एकही धड लागत नसे. त्यापायी तिची धाकटी बहीण शाळेत दिवसभर पाणीच प्यायची नाही. बाटली जशी जायची तशी भरलेली परत यायची, आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून पोरगी आईच्या मांडीवर पडून राहायची. मत मात्र फक्त वरच्या वर्गांना होतं.

"ताई, तू दारांना देशील ना?"

"हे काय विचारणं झालं?"

मतदानाच्या आदल्या दिवशी तिला सभागृहात शिंपी दिसला. स्टुलावर चढून तो रंगमंचाची मापं घेत होता आणि मोठ्या बाई खाली उभ्या राहून मान डोलवत होत्या. झालं! तिचं डोकंच सणकलं.

"सगळं आधीच ठरलंय," मधल्या सुट्टीत तिने मैत्रिणींना सांगितलं. "तिकडे कापड बेततायत आणि इकडे आपल्याला विचारायचं सोंग! आपण कशाला होला हो करायचं? मतच द्यायचं नाही."

पटवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मैत्रिणींना पटलं.

मत म्हणजे बाटलीचं एक झाकण. प्रत्येकाला एकेक वाटलेलं, दोनपैकी एका डब्यात टाकायचं. त्या सहा जणी झाकणं मुठीत दाबून डब्यांपुढून ताठ मानेने निघून गेल्या.

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर डबे उपडे करून मोजले. पडदा जिंकला, चार झाकणांनी.

"जिंकणारच," ती तडक पुढे जाऊन म्हणाली. "शिंपी कालच मापं घेऊन गेलाय, बाई. मी पाहिलंय."

"अगं, मीच बोलावला होता. खर्च किती येईल ते नको का कळायला? सुतारही येऊन गेला की परवा, दारं मापायला." बाईंनी चष्मा काढून पुसला. "मला तर वाटलं होतं, तुम्ही मुली तरी दारांनाच द्याल."

तिचा विश्वास बसेना. ती पळत स्वच्छतागृहात गेली. प्रत्येक चौकटीवर सुताराच्या पेन्सिलीच्या ताज्या खुणा होत्या. तिला रडूच कोसळलं. सहा झाकणं त्यांच्या मुठीत राहिली होती, आणि दारं चारांनीच हरली होती.

घरी जाताना धाकटी नेहमीसारखी तिचं बोट धरून चालत होती. खांद्यावरची बाटली गच्च भरलेली.

"जाऊ दे गं ताई," ती म्हणाली. "तू दिलंस ना? तू एकटी तरी काय करणार?"

खिशातलं झाकण तिच्या बोटांना लागत होतं. कोणीतरी आपल्यावर शंका घ्यावी, असं शंकासुराला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.