खिडकीबाहेरची ठमाबाई

कळव्याला खाडीच्या काठावर विद्यापीठाची एक छोटी प्रयोगशाळा होती. आता ती कुणाला आठवतही नसेल. कौलारू छपराच्या तीन खोल्या, पुढे लांब पडवी, आणि समोर नजर पोचेल तिथवर मिठागरं. सरोज फणसे तिथे तीन वर्षं संशोधन करत होती. उन्हाळ्यात मिठागराच्या पाण्याला तांबूस रंग देणारं एक सूक्ष्म शेवाळ तिनं काचेच्या नळ्यांमधून जगवलं होतं. बासष्ट नळ्या. दर दहा दिवसांनी प्रत्येकीतला थेंबभर माल नव्या नळीत घालायचा, नाहीतर शेवाळ मरायला लागायचं.

एकोणीसशे सत्तावनच्या जूनमध्ये तो फ्लूचा ताप आला. बोटीनं आला म्हणत, मुंबईतून ठाण्याला, ठाण्यातून कल्याणला. सरोजच्या डोंबिवलीच्या आळीत एकेका घरात चार-चार अंथरुणं पडली. विद्यापीठाचं पत्र आलं, जमेल तिथे काम बंद ठेवा.

प्रयोगशाळाप्रमुख प्रधान सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि नळ्यांच्या मांडणीकडे पाहिलं. मग खडू घेऊन फळ्यावर लिहिलं : ताप असेल त्यानं येऊ नये. नाकातोंडाला उकळलेलं फडकं बांधावं. आत एका वेळी एकच माणूस.

"पण सर," सरोज म्हणाली, "स्पिरिटचा दिवा पेटवून एकट्यानं काम करायचं नाही, हा तुमचाच नियम ना?"

सरांनी खडू खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा हात भाजला होता, तेव्हापासूनचा तो नियम. एकटं राहायचं नाही आणि दोघांनीही राहायचं नाही, मग करायचं काय?

पडवीत काचसामान धूत बसलेली ठमाबाई तिथूनच बोलली, "मी भायेर खिडकीशी बसतंय की. काय झालाच तर आत शिरंन."

ठमाबाई कळव्याचीच. निम्मा जन्म मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढण्यात गेलेला. नवरा काळुराम वारल्यावर ती इथे आली, आणि तिच्या हातून आजवर एक नळी फुटली नव्हती.

पहिल्याच दिवशी अडचण कळली. खिडकीच्या आड काचसामानाचं कपाट होतं, टेबल काही दिसत नव्हतं.

"मना तू दिसत नाय," ठमाबाई ओरडली. "बोलत र्‍हा गो, बाय. बोलना थांबला का मी आत."

काय बोलायचं? सरोज आधीच अबोल. तिनं एकोणतीसचा पाढा सुरू केला. दोन-तीन पाढे झाल्यावर बाहेरून आवाज आला, "ते पाढं पुरं झालं. तुज्या घरचा सांग."

मग सरोज सांगत गेली. आई लहानपणीच गेली ते, वडील रोज भाकरी करपवत आणि 'खरपूस झाली' म्हणत ते, पाहायला आलेल्या मुलानं 'शेवाळं कशाला वाढवता?' विचारलं ते. तोंडावर फडकं, हातात नळी, दिव्याच्या ज्योतीवर नळीचं तोंड शेकायचं, थेंब टाकायचा, बूच लावायचं, आणि बोलत राहायचं. बाहेरून मधेच "मंग?" यायचं. कधी ठमाबाई स्वतःचं सांगायची. काळुराम मिठाच्या राशीवर उभा राहून तिला हाका मारी, आणि ती मुद्दाम ऐकलं नाही असं दाखवी.

इतकं बोलणं सरोजच्या आयुष्यात आधी झालं नव्हतं, पुढेही कधी झालं नाही.

चौथ्या आठवड्यात प्रधान सर आजारी पडले. त्यानंतरच्या सोमवारी सरोज उठली तेव्हा तिचं अंग कसकसत होतं. पण नळ्या बदलायचा दिवस होता. 'प्रवासाचा शीण असेल' अशी मनाची समजूत घालून ती आली. ठमाबाईला काही बोलली नाही.

एकावन्न नळ्या झाल्या. ती वडिलांविषयीच काहीतरी सांगत होती, आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"बाय?" ठमाबाईनं हाक मारली. आतून नुसता काच फुटल्याचा आवाज.

ती आत धावली. सरोज टेबलाखाली कोसळली होती, दिवा कलंडला होता आणि सांडलेल्या स्पिरिटवर निळी ज्योत सरकत नोंदींच्या वहीपर्यंत पोचली होती. ठमाबाईनं दारातलं ओलं गोणपाट उचलून टेबलावर टाकलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग सरोजला काखेत धरून पडवीत आणलं. कपाळाला हात लावला आणि तिचा संताप संताप झाला.

"ताप लपवून आलीस? शिकलेली ना गो तू?"

सरोज रडली, पण व्हायचं ते झालं होतं. पाचव्या दिवशी ठमाबाईनं अंथरूण धरलं.

प्रयोगशाळेला कुलूप लागलं. सरोज बरी होताच कळव्याला गेली. ठमाबाईची सून बायजा दारातच म्हणाली, "पेज बी जात नाय." सरोज आठ दिवस रोज गेली. पेज भरवली, अंग पुसलं, आणि चौथ्या दिवशी धीर करून म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे."

"झाला तर झाला," ठमाबाई पुटपुटली. "पन परत लपवशील तर बग."

महिन्याभरानं ती कामावर आली, थोडी वाकलेली. प्रधान सरही परतले. जळक्या कडांची वही सरोजनं स्वतःच त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. त्यांनी दाराशी थर्मामीटर टांगला. ताप पाहिल्याशिवाय कुणीही, अगदी ते स्वतःसुद्धा, आत जायचं नाही. आणि ते कपाट खिडकीपासून हलवून घेतलं.

कुलपाच्या काळात नव्या एकावन्न नळ्या कशाबशा तगल्या, पण बदलायच्या राहिलेल्या अकरा जुन्या नळ्यांमधलं शेवाळ मेलं होतं. ती वाणं कुठल्या आगरातली होती याची पानंच नेमकी जळली होती. पुढच्या वैशाखात ठमाबाई म्हणाली, "चल, मी दावतंय."

दोघी सकाळीच बांधावरून निघाल्या. ठमाबाई पुढे, अनवाणी. कुठलं आगर आधी तांबूस होतं, कुठलं उशिरा, कुठल्या कोपऱ्यात रंग विटकरीसारखा गडद उतरतो, सगळं तिला पाठ. सरोज वाकून बाटल्या भरत होती. वारा खारट होता. दुपार होईतो अकरा बाटल्या भरल्या, आणि ठमाबाई म्हणाली, "आजून एक ठाव हाय. तुज्या वहीत नसंल."

बाराव्या बाटलीसाठी त्या पार खाडीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या.