पाहुण्याचा हात

सरकार आमचंच, म्हणजे कामगारांचं. त्यानेच हा गाद्यांचा कारखाना मालकाकडून काढून आमच्या हवाली केला. पण तिजोरीत खडखडाट झाला आणि अर्थमंत्र्यांना एकाएकी खुल्या बाजाराचा पुळका आला. कारखाना विकायचं ठरलं. अट एवढीच, की कामगारांच्या सभेने मंजुरी द्यायची.

आमच्याकडे सगळं हात वर करूनच होतं. कापूस कुठला घ्यायचा इथपासून खिडकी उघडायची का इथपर्यंत. सभेत जो बसेल त्याला मत, हा नियम. आमच्या अध्यक्षबाईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, तो कधी मोडू दिला नाही. मला या सभांचा भयंकर कंटाळा. पण कारखाना विकला तर पहिली कुऱ्हाड हातशिलाईवर पडणार होती, आणि हातशिलाईत मी. दुसरं काही मला येत नाही. तेव्हा मुकाट्याने जाऊन बसले.

खरेदीदार स्वतः आला. झकास सूट, घाम पुसायला रेशमी रुमाल. "पाच मिनिटांत आटपू," म्हणाला. बिचारा.

आधी चहाचा ठराव आला. बिनसाखरेचा मागणारा तो एकटाच, त्यामुळे हरला.

"हा अन्याय आहे," तो म्हणाला.

"मग दुरुस्ती मांडा, भाऊ," नणंद म्हणाली.

त्याने मांडली. पुन्हा हरला. मग पंख्याचा विषय निघाला. पंख्याने कापूस उडतो, म्हणून पिंजणारे विरोधात. नणंदेला उकडत होतं, त्यालाही. दोघांचे हात एकदम वर गेले. पंखा हळू लावायचा, मग मध्यम, मग निदान जेवणापर्यंत तरी. ठरावामागून ठराव आपटत गेले. दुपारी त्याने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि पिंजणाऱ्यांना "प्रतिगामी" म्हणून मोकळा झाला. आता नणंदेचा हात वर गेला की याचा गेलाच.

शेवटी विक्री. त्याने बोनस कबूल केल्यामुळे निम्मा कारखाना फुटला होता, माझा सख्खा दीरसुद्धा.

"होकार असणारे?" नणंदेने विचारलं. ढीगभर हात वर गेले. खरेदीदार तेवढ्यात एका पिंजणाऱ्याशी पंख्यावरून हुज्जत घालत होता.

"नकार असणारे?" नणंदेने स्वतःचा हात वर केला. पाठोपाठ त्यानेही केला, तावातावाने.

हात मोजले. एका हाताने विक्री बारगळली.

"अहो, मी पंख्यासाठी केला होता," तो म्हणाला.

"फेरविचाराचा ठराव मांडता येईल. पुढच्या सभेत."

त्याने रेशमी रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "चालेल. पण आधी पंख्याचं घ्या. विक्रीचं नंतर बघू."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. उठून मी नणंदेच्या गळ्यात पडले.

"सभा संपलेली नाही, वहिनी," ती म्हणाली. "जागेवर बसा."

बसले. अख्खी रात्र बसले असते.