फोडून बघितलेला खजूर

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. ट्युनिशियातल्या तोझर गावी, मबरूकाच्या खजुराच्या वखारीत उभे आहे. तिच्या आजोबांनी मला ऑलिव्हच्या लाकडातून घडवून घेतले. माझ्याभोवती बसून बायकांनी किती हंगाम खजूर निवडले! व्यापारी मला मान देत, कारण सौदा माझ्यावरच व्हायचा. टोपलीतला एक खजूर फोडायचा, आत बघायचे, मगच हो म्हणायचे.

पुढे बायकांच्या नजरा थकल्या. आंबलेले खजूर पेट्यांत जाऊ लागले. मोठ्या गिऱ्हाइकाने बजावले, पुन्हा असे झाले तर माल घेणार नाही. म्हणजे वखारीला कुलूप आणि बायका घरी. मबरूकाने कॅमेऱ्यातून खजूर पारखणारे यंत्र करून घ्यायचे ठरवले. यंत्र आल्यावर माझे काय काम, म्हणून मला सरपणात घालायचेही तेव्हाच ठरले. पण यंत्रातले तिला ओ की ठो कळत नव्हते. मग ते बनवणारा माणूस पारखायचा कसा?

राजधानीहून यंत्र बनवणारा रियाद आला. पडद्यावर त्याचे यंत्र खजूर पटापट वेगळे करत होते, एकही चूक नाही. खजुरांची ती चित्रे मात्र त्यानेच आणलेली. माझ्यावर त्या दिवशीच्या खजुरांची टोपली होती. "यांच्यावर दाखवा," हे मबरूकाच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. तिने त्याला नुकतेच कुसकुस वाढले होते. जेवू घातलेल्या पाहुण्याची परीक्षा आमच्याकडे कोणी घेत नाही. ती करारावर सही करायला तयार झाली. मला फार वाईट वाटले.

रियाद हात धुवायला गेला, तशी खजूर निवडणाऱ्या बायकांतली म्हातारी सालहा मबरूकाला म्हणाली, "तुझा बाप सख्ख्या मेव्हण्याचा खजूरही फोडून बघायचा. मेव्हणा रुसला का?"

"खाला, खजूर वेगळा, पाहुणा वेगळा."

"पाहुण्याला कुठं फोडायला सांगतेय? त्याच्या यंत्राला फोड."

मबरूकाने टोपली माझ्यावर ओतली. "रियादसाहेब, रागावू नका. हे आमचे आजचे."

यंत्राने पसंत केलेला खजूर तिने फोडला. आत काळा होता. रियादचा चेहरा उतरला. मबरूकाने त्याला खजुरांची करंडी देऊन मानाने निरोप दिला.

नंतर आपले यंत्र घेऊन इनास नावाची मुलगी आली. तिचे यंत्र तर जास्तच चुकले.

"चुकणारच, बाई. तुमचे खजूर त्याने कुठं बघितलेत? मला या बायकांजवळ बसू द्या, त्यांची पारख मी यंत्राला शिकवते. आणि यंत्राला खात्री नसेल तो खजूर माणसानंच बघायचा."

"आणि तुला कळलं नाही तर?"

"तर खालांना विचारीन."

मबरूकाने तिलाच ठेवले. गिऱ्हाईक टिकले, बायकाही टिकल्या. यंत्राला शंका येते तो खजूर आता माझ्यावर येतो, म्हणून मी सरपणातून वाचले. माझा एक पाय डुगडुगतो, त्याला पाचर ठोका एवढेच मागणे आहे.

आणि मित्रांनो, न कळणारी वस्तू घेताना विचारायला लाजू नका. रियाद काही लबाड नव्हता. त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते.