चपखल बसलेलं झाकण

अवकाशात जाणाऱ्या दुर्बिणीचं झाकण माझ्याकडे होतं. इतरांनी आरसे घडवले, कॅमेरे जुळवले. मी झाकण केलं. पण मिरवायचो असा, की जणू तारे माझ्याच परवानगीने दिसणार आहेत. झाकणाची खीळ खाचेत इतकी चपखल बसवली होती की मध्ये केससुद्धा जाणार नाही, आणि हे मी लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांनाही ऐकवत असे.

मग चाचणी आली. हवा काढून अवकाशाइतक्या गार केलेल्या टाकीत दुर्बीण ठेवली आणि झाकणाला उघडायचा हुकूम सोडला. झाकण ढिम्म. पुन्हा सोडला, तरी ढिम्म. मी वायरीवर संशय घेतला. ती ठीक निघाली. मग टाकीच जरा जास्त गार आहे म्हणालो. आमच्या प्रमुख बाई शांतपणे म्हणाल्या की अवकाशही तसंच आहे, आणि तिथली तक्रार कुणाकडे करायची ते त्यांना ठाऊक नाही.

घरी येऊन बायकोपुढे तेच उगाळलं. ती मुलीच्या बुटाच्या नाडीची गाठ सोडवत होती. म्हणाली, "वायरीला बोललास, टाकीला बोललास. झाकणाला काहीच बोलला नाहीस."

मी तोंड फुगवून जेवलो. सकाळी मात्र मुकाट्याने आकडेमोडीला बसलो. खीळ एका धातूची, खाच दुसऱ्या धातूची. गारठ्यात खाच जास्त आकसायची आणि खिळीला मगरमिठी मारायची. ज्या घट्टपणाचा डंका पिटला, त्यानेच घात केला होता.

बैठकीत उभं राहून ते सांगितलं. कोणी हसलं नाही, म्हणून जास्तच ओशाळलो. बाईंनी विचारलं, "आता फट किती ठेवणार?" मी आकडा सांगितला.

"दुप्पट ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या आत्मविश्वासालाही जागा लागते."

नवी खीळ हलवली की वाजायची. सहकाऱ्यांनी तिचं नाव खुळखुळा ठेवलं. थोड्याच दिवसांत ते मलाही चिकटलं.

दुर्बीण वर पोचली. झाकण उघडायच्या वेळी माझ्याने खोलीत थांबवेना. बाहेर जाऊन कॉफीच्या यंत्राची बटणं दाबत राहिलो. परतलो तेव्हा सगळे पडद्यापुढे दाटीवाटीने उभे होते. पडद्यावर ताऱ्याचा एक पांढुरका ठिपका. शेजारच्याला हळूच विचारलं, झाकणाचं काय झालं?

"झाकण?" तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. "ते केव्हाच उघडलं."

झाकणाबद्दल आणखी कोणी काही विचारलं नाही. मी मागे उभा राहून टाचा उंचावल्या आणि माणसांच्या डोक्यांमधून तो ठिपका बघत राहिलो.