उजव्या पंख्यावरचा हार

पौषात माझी बायको मनोरमा गेली आणि वैशाखात क्षितिजा मला विमान बघायला घेऊन गेली.

बघायला म्हणजे विकत घ्यायला. माझ्या मुलीकडे पायलटचं लायसन्स होतं, पण एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं. २००९ साल होतं. कंपन्यांनी भरती जवळजवळ बंद केली होती आणि ज्या घेत होत्या त्या आधी दोन इंजिनांच्या विमानावरचे उड्डाणाचे तास विचारत. म्हणून तिने आणि तिच्याबरोबर शिकलेल्या तिघांनी मिळून एक जुनं, दोन इंजिनांचं विमान घ्यायचं ठरवलं. सगळ्यांचे तास भरले की विकून टाकायचं. तिचा वाटा मनोरमाच्या फंडातून जाणार होता. तो फंड आता माझ्या नावावर होता, त्यामुळे माझी सही लागणार होती. मला सही करायची नव्हती. घरात आता ती आणि मी, दोघंच उरलो होतो.

त्या तिघांतल्या स्वप्नीलने आम्हाला घराजवळच्या सिल्व्हर पार्कहून गाडीत घेतलं. नाशिकच्या पुढे एका धावपट्टीच्या कडेला, पत्र्याच्या शेडबाहेर विमान उभं होतं. माझ्या लग्नाच्याही आधीचं. पांढरा रंग पिवळा पडला होता, आत सीटांना मात्र नवीन रेक्झिन लावलं होतं. विकून देणारा दलाल सुभाषशेठ खुर्ची टाकून बसला होता.

मला विमानातलं काही कळत नाही. मी टेलिफोन खात्यात होतो. सेकंडहँड स्कूटर घेताना विचारतात तेच मी विचारलं, किती हातांतून गेलंय. स्वप्नील म्हणाला, "काका, ॲव्हरेज पण विचारून घ्या." क्षितिजाने त्याला कोपर मारलं. मनोरमा असती तर तिने विमानाकडे बघितलंच नसतं, दलालाच्या तोंडाकडे बघत राहिली असती. प्लंबर असो की बिल्डर, माणूस कुठे खोटं बोलतोय ते तिला कळायचं. मला समोरचा बोलतो ते सगळं खरंच वाटतं.

सुभाषशेठने डावं इंजिन चालू करून दाखवलं. शेडचे पत्रे थरथरले. उजव्याची वेळ आली तेव्हा म्हणाला, बॅटरी उतरली. "टेन्शन मत लो, अंकल. पिछले हफ्ते ही दोनों चलाये थे. एकदम मक्खन."

मी फिरत फिरत उजव्या बाजूला गेलो. इंजिनापुढच्या पंख्याच्या पात्याला झेंडूचा हार बांधलेला होता, दसऱ्याला यंत्रांना घालतात तसा. फुलं वाळून काळी पडली होती. मध्ये आपट्याची पानं खोचलेली होती. साध्या दोऱ्याची गाठ होती. पंखा एकदा जरी फिरला असता तरी हार तिथे राहिला नसता.

मला इतकं बरं वाटलं की मी तिथे काही बोललोच नाही. त्या दलालासमोर कशाला बोलायचं. घरी जाताना हिला सांगू, व्यवहार आपोआप मोडेल.

येताना स्वप्नीलने आम्हाला हायवेवर काशीमिऱ्याला सोडलं आणि तो बोरिवलीला गेला. आम्ही रिक्षा केली. रिक्षात मी सहज विचारलं, उडताना एक इंजिन बंद पडलं तर काय होतं. ती म्हणाली, विमान बंद पडलेल्या इंजिनाकडे वळायला लागतं. परीक्षेत तेच बघतात. चालू इंजिनाच्या बाजूच्या पायाने पेडल दाबून त्याला सरळ धरून ठेवायचं.

"किती वेळ?"

"उतरेपर्यंत."

मग मी हाराचं सांगितलं. ती रस्त्याकडे बघत होती.

"बघितला, बाबा. आम्ही सगळ्यांनीच बघितला. म्हणून तर त्याने भाव उतरवला. ते इंजिन आम्ही पूर्ण उघडून दुरुस्त करून घेणार आहोत."

तिला अडवायला माझ्याकडे तेवढंच होतं.

घरी आल्यावर चपला काढता काढता मी म्हणालो, "नको घेऊस."

ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती सोफ्यावर बसली.

"आई नको म्हणाली असती तर मी भांडले असते," ती म्हणाली. "तुमच्याशी कसं भांडू? बरं, नाही घेत. मग दुसरं काय करू ते सांगा."

तिच्या दोन मैत्रिणी मालाडला कॉल सेंटरमध्ये जात होत्या, पण ते तोंडातून काढायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी म्हणालो, दुरुस्त झाल्यावर तू ते पहिल्यांदा उडवशील तेव्हा मला शेजारी बसव. मग माझी हरकत नाही.

"शेजारी शिकवणारे सर असतात, बाबा. ते इंजिन बंद करून बघतात. तेव्हा बाहेरच्या माणसाला बसवत नाहीत."

ती आत गेली आणि तिने चहा ठेवला. ती कप घेऊन आली तेव्हा मी विचारलं, आपलं चेकबुक कुठे असतं. तिने मनोरमाचं कपाट उघडलं, साड्यांच्या घडीखाली हात घालून ते काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. चेक तिनेच लिहिला. मी सही केली.