हापशीच्या दोन बाजू

रुखमाबाईचं घर हापशीच्या अगदी समोर. ओसरीत बसून तांदूळ निवडता निवडता गेल्या बारा वर्षांत तिने हेमराजभाऊला ती हापशी कितीतरी वेळा उघडताना पाहिलं होतं. हेमराज हातपंप दुरुस्त करणारा मेकॅनिक. तो एटापल्लीहून मोटरसायकलने यायचा, ओसरीकडे पाठ करून कामाला बसायचा आणि काम झालं की रुखमाबाईच्या हातचा चहा पिऊन जायचा. जड पाने आणि नटबोल्टचा डबा प्रत्येक वेळी कुठे वाहून न्यायचा, म्हणून तो ते तिच्याकडेच ठेवत असे. तिने त्या डब्याला कधी हात लावला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

ती वेळ मे महिन्यात आली. तेंदूपत्त्याचे दिवस होते. बायका उजाडायच्या आधी जंगलात जायच्या आणि ऊन डोक्यावर आलं की पानांचे गठ्ठे घेऊन परतायच्या. त्या दिवशी परतल्यावर पहिली घागर कांताने लावली. तिने दांडा दाबला, तर तो हातात काही वजनच नसल्यासारखा खाली गेला. पुन्हा दाबला. पाणी नाही.

हेमराजला फोन लावला, तर त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. मोटरसायकल घसरली होती. दुसरा मेकॅनिक यायला चार दिवस लागणार होते.

"चार दिवस नाल्यात खणलेल्या झिऱ्याचं पाणी आणू," पिंपळाखाली बसलेले मुखरूभाऊ म्हणाले. ते गावात सगळ्यांत वडील. "मेकॅनिकचं काम मेकॅनिकनंच करावं."

नाला पाऊण किलोमीटरवर होता. पाणी आणायला मुखरूभाऊ जाणार नव्हते, हे सगळ्या बायकांना माहीत होतं. त्या रिकाम्या घागरी मोजू लागल्या.

रुखमाबाई मात्र दांड्याकडे बघत उभी होती. दांडा असा हलका झाला की हेमराज काय म्हणायचा, ते तिला आठवलं. म्हणायचा, साखळी सुटली. मग तो वरचं झाकण उघडायचा. ती घरात गेली आणि डबा घेऊन आली.

"काय करून राह्यली वं?" कांताने विचारलं.

"झाकण उघडून पाहतो. पाहायले काय जाते?"

तिने मोठा पाना उचलला, त्याने पाइपावर तीनदा ठोकलं, क्षणभर थांबली आणि मग झाकणाचा बोल्ट फिरवला. पहिल्यांदा उलटा फिरला, दुसऱ्यांदा बरोबर. झाकण निघालं. आत साखळी लोंबत होती. तिला दांड्याशी धरून ठेवणारा बोल्ट तुटून खाली पडला होता. डब्यात तसाच नवा बोल्ट होता. रुखमाबाईला हसू आलं. एवढंच होतं तर.

पण एवढंच नव्हतं. साखळी दांड्याला जोडायची, तर पाण्यात गेलेली लांब सळई वर उचलून धरावी लागत होती. एका हाताने सळई धरली, तर बोल्ट बसवायला दुसरा हात पुरेना. सळई सोडली की ती खणकन खाली. तीनदा असं झालं. रुखमाबाईचा पदर घामाने भिजला.

"हेमराजभाऊ एकटाच करते," ती स्वतःशीच म्हणाली. "सळई उचलते, अन् मंग त्याचे दोन्ही हात मोकळे दिसते. मधात काय करते, ते मले कधी दिसलंच नाई. त्याची पाठ राह्यते ना माझ्याकडं."

कांता तिथेच घागरीजवळ उभी होती. ठेंगणी, हळू बोलणारी बाई. गॅसची टाकी संपली, तर नवी जोडायला ती शेजारच्या दीपालीला बोलवायची. लोखंडाची आणि आगीची तिला सारखीच भीती. ती हळूच म्हणाली, "मले दिसलं आहे."

"काय दिसलं?"

"मी पाण्याच्या रांगेत या बाजूनं उभी राह्यतो ना. डाव्या हातानं एक पट्टी सारते तो सळईखाली. मधात खाच असलेली. मंग सळई तिच्यावरच टिकून राह्यते."

डब्यात तशी पट्टी नव्हती. रुखमाबाईने डबा उलटा केला, तरी सापडेना. मग तिने कपाळाला हात लावला आणि ती घराकडे धावली. गेल्या पावसाळ्यात हेमराज एक लोखंडी पट्टी ओसरीतच विसरून गेला होता. तेव्हापासून ती वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला टेकवलेली होती.

"आता तूच सार," पट्टी कांताच्या हातात देत ती म्हणाली. "पाह्यलं तू आहे, मी नाई."

"मले नाई जमणार, बाई."

"मले तरी कुठी जमून राह्यलं? मी सळई उचलतो. तू फक्त सार."

कांताने पट्टी दोन्ही हातांनी धरली. रुखमाबाईने दात आवळून सळई वर ओढली. पट्टी सरकली, खाचेत सळई बसली आणि तिथेच थांबली. दोघींनी एकदम हात काढून घेतले आणि एकमेकींकडे पाहिलं. सळई हलली नाही. पुढचं सगळं रुखमाबाईने पाहिलेलं होतं. साखळी वर, बोल्ट आत, नट घट्ट, पट्टी बाहेर, झाकण बंद.

दांडा दाबल्यावर आधी नुसती हवा आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. बायकांनी आपोआप रांग लावली. मुखरूभाऊही तांब्या घेऊन आले. रुखमाबाईने त्यांना पुढे जाऊ दिलं. तांब्या भरून झाल्यावर ते म्हणाले, "झिऱ्याचं पाणी तसंही खारटच लागते."

पंधरा दिवसांनी शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, हापशी तशीच बंद पडली. रुखमाबाई लेकीकडे गेली होती. निरोप आला, तशी कांता उंबऱ्यापर्यंत जाऊन एकदा मागे फिरली, पण शेवटी डबा आणि पट्टी घेऊन ती गेली. काम करताना एक नट तिने दोनदा पाडला, पण तासाभरात पाणी आलं. तिथल्या बायका भोवती दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांच्यातली करिश्मा तिला म्हणाली, "रुखमाबाईचं आमाले काई वाटलं नाई, ते तं पयल्यापासून धीट. पण कांताबाई, तुमाले जमते, तं आमाले काऊन नाई जमणार?"

हे ऐकून कांताला वाईट वाटायला हवं होतं. तिला उलट इतकं बरं वाटलं, की परतीच्या वाटेवर ती एकटीच हसत चालली. त्या संध्याकाळी गॅसची नवी टाकीही तिने स्वतःच जोडली.

जूनमध्ये हेमराज लंगडत आला. दोन्ही ठिकाणच्या हापशा दुरुस्त झाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. "माझ्यासमोर उघडून दाखवा," तो म्हणाला. रुखमाबाईने पाना उचलला आणि पाइपावर तीनदा ठोकलं.

"हे कायले?" हेमराजने विचारलं.

"तुमीच तं ठोकता. त्याच्याशिवाय उघडतच नाई ना?"

हेमराज हसत सुटला. त्याला बोलता येईना. मग कसंबसं म्हणाला, "अवं, लय वर्षांआधी एका हापशीच्या झाकणाखालून गांधीलमाशा निघाल्या होत्या. माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. तवापासून मी आधी ठोकतो, मंग उघडतो."

"टोल्यावरच्या बाया बी ठोकते," कांता गंभीरपणे म्हणाली. "मीच तसं केलं होतं."

"ठोकू द्या. मेकॅनिकचं तोंड वाचते," हेमराज म्हणाला.

चहा झाल्यावर त्याने वरच्या आळीतल्या हापशीची गोष्ट काढली. तिचे खालचे वायसर झिजले होते. सगळे पाइप बाहेर काढावे लागणार होते आणि या पायाने त्याला ते ओढवणार नव्हते. तालुक्याहून दोन माणसं मागवली होती.

"सोमवारी काम आहे. ओसरीत बसून पाहाल," तो रुखमाबाईला म्हणाला.

"वरच्या आळीत माझी ओसरी कुठी आहे?" रुखमाबाई म्हणाली. "दोन माणसं नका बोलवू. पाइप आमी ओढतो. तुमी खुर्चीवर बसा अन् चुकलं तं सांगा."

हेमराजने कांताकडे पाहिलं. ती पदर खोचून कुठला पाना किती जड आहे, ते एकेक उचलून बघत होती.